आर्डिसला, चार वर्षांनंतर

फर्गस फॉल्स, मिनेसोटा
२४ एप्रिल, गुरुवार

प्रिय आर्डिस,

'तू बरी असशील' असं लिहून पत्र सुरू करायची आपली लहानपणापासूनची सवय. या वेळी ते वाक्य लिहिलं आणि खोडलं. पाकीट उघडायला मात्र भिऊ नकोस. ऑक्टोबरपासून या घरात वासाचा साबण नाही, मेणबत्ती नाही, की कपडे धुताना घालायचं ते फुलांच्या वासाचं पाणी नाही.

इकडे तळ्यावरचा बर्फ गेल्या आठवड्यात फुटला. मी शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले, हे आपल्या मामेबहिणीने, कोरीनने, तुला सांगितलंच असेल. गुडघा कुरकुरतो. नवरा गेल्यापासून तळमजला रिकामाच होता, तो शेवटी ऑक्टोबरात भाड्याने दिला.

भाडेकरू म्हणजे माई सी वांग. सव्वीस वर्षांची, लाओसहून सेंट पॉलला आलेल्या हमोंग घरातली मुलगी, इथल्या शाळेत गणित शिकवते. जागा बघायला आली तेव्हा तिने आधी एक यादी माझ्या हातात ठेवली. कुठले वास चालत नाहीत, काय खाल्लं तर अंगावर उठतं, उन्हाने आणि थंडीने काय होतं. वाचून माझ्या मनात आलं, आली आणखी एक. पहिली तू, हे वेगळं लिहायला नको.

मी नाहीच म्हणणार होते. तिने ते ओळखलं असावं. म्हणाली, "तुम्हाला जड जाणार असेल तर आत्ताच सांगा. रोज तुमच्या तोंडाकडे बघून समजून घेण्यापेक्षा ते बरं." मला लाज वाटली आणि मी किल्ली दिली.

तिचा आजार तोच, तुझाच. अंगातल्या ॲलर्जी उठवणाऱ्या मास्ट पेशी नको तेव्हा बिथरतात, हे तू मला फोनवर किती वेळा समजावलं होतंस. मी हं हं म्हणत भांडी घासत असायचे. माईने मला टेबलाशी बसवून सांगितलं, आणि झटक्यावरचं, मुदत संपलेलं इंजेक्शन सरावाला हातात देऊन संत्र्यावर टोचायला लावलं. मांडीवर, कपड्यावरूनच, घट्ट दाबून धरायचं. मी हसले, तर ती म्हणाली, "हसा, पण परत एकदा करा."

फेब्रुवारीत एका दुपारी ती शाळेतून चालत आली. वारा असा होता की दार धरवत नव्हतं. पायऱ्यांवरच मटकन बसली. तोंड लाल झालं, मग एकदम पांढरं पडलं. बोलता येईना, तिने बॅगेकडे नुसतं बोट दाखवलं. मी बॅग पायरीवर पालथी केली, इंजेक्शन काढलं आणि टोचलं, तिला आडवी केली, रुग्णवाहिका बोलावली. टोचेपर्यंत अर्धं मिनिटही लागलं नसेल.

तो झटका काही तासांनी उलटून येऊ शकतो, म्हणून तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. मी शेजारी बसले होते. ती जराशी सावरल्यावर म्हणाली, "तुम्ही सारखं 'सापडलं, सापडलं' म्हणत होतात. आधी कुणाला असं बघितलंय का?"

मी म्हटलं, बहिणीला. पुढचं तिला सांगितलं नाही. ते आधी तुला सांगायला हवं.

त्यानंतर ती मला वाचनालयात, याच आजाराच्या माणसांच्या बैठकीला घेऊन गेली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी जमतात. सातआठ माणसं, खिडक्या उघड्या, ज्याचा त्याचा डबा वेगळा. एकीला टोमॅटो चालत नाही, दुसऱ्याला शिळं अन्न चालत नाही, एकाला नुसती दगदग झाली तरी झटका येतो. जॉइस म्हणून एक बाई आहेत, तुझ्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "पडण्याची सवय झालीय. शुद्धीवर आल्यावर घरच्यांचे चेहरे बघवत नाहीत." त्या दिवशी मी उठून गाडीत येऊन बसले. आता मी त्यांच्यासाठी रांधते. प्रत्येकाचं वेगळं, त्याच सकाळी केलेलं. शाळेत तीनशे मुलांना एकच जेवण वाढलं, त्यापेक्षा हे अवघड आहे. पण जमतंय.

आता ते लिहिते.

आईच्या अंत्यविधीला उग्र वासाच्या लिली ठेवू नकोस असं तू फोनवर सांगितलं होतंस आणि मी हो म्हटलं होतं. तरीही मी लिली मागवल्या. आईला आवडायच्या, हे खरं. पण तू काय करतेस ते मला बघायचं होतं, हेही तितकंच खरं. अंत्यविधीनंतरच्या जेवणाच्या वेळी तू कोटांच्या खुंट्यांपाशी पडलीस आणि म्हणालीस, "मार्लिस, माझी पर्स." मी शोधल्यासारखं केलं. नंतर सगळ्यांना सांगितलं की कोटांच्या ढिगात ती दिसेना.

आर्डी, पर्स माझ्या पायाशी होती. तू बोललीस तेव्हा मी ती पायाने टेबलाखाली सरकवली. आज आईचा दिवस आहे, आजही सगळ्यांनी हिच्याकडेच बघायचं का, असं मनात आलं. दोन मिनिटं कुणी लक्ष दिलं नाही तर आपोआप उठेल, असं वाटलं. कोरीनने टेबलाखाली वाकून ती ओढून काढली आणि तुला इंजेक्शन दिलं. तिने मला कधी काही विचारलं नाही. नंतर दवाखान्यात मी डॉक्टरांनाही सांगितलं, ही लहानपणापासून अशीच नाटकी. तेवढं तू ऐकलंस, आणि तेवढ्यावरूनच बोलणं टाकलंस असं मी चार वर्षं धरून चालले. उरलेलं तुला माहीत नव्हतं. मला होतं.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागणं तुझ्यावर टाकायचा मला हक्क नाही.

कोरीन सांगत होती, नऊ मेला दुपारी मिनियापोलिसला तुझी हाडाच्या मज्जेची तपासणी आहे आणि न्यायला कुणी नाही. मी सकाळी इथून निघून आठ वाजता ब्रेनर्डला तुझ्या घरासमोर येईन. गाडी आतून नुसत्या पाण्याने पुसली आहे. महिनाभर माई तिच्यातून शाळेला जाते, तिला काही झालेलं नाही. मी दार वाजवणार नाही. नऊपर्यंत तू आली नाहीस तर परत फिरेन आणि मनात काही ठेवणार नाही. आलीस तर मागे बस, खिडकी उघडी ठेव, वाटेत एक शब्द बोलू नकोस. मी गाडी चालवीन.

नऊ मेला, आठ ते नऊ, तुझ्या दाराबाहेर असलेली,
मार्लिस