टिंबानंतरचा आकडा

मी खाली सही करणारी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, अविवाहित, ओळखीपाळखीत ‘ऑपरेटरबाई’ म्हणून माहीत असलेली बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. वकिलांनी एक मसुदा टाइप करून दिला होता. तो वाचून मेलं कोण तेच कळेना, म्हणून हा माझ्या हाताने लिहिला आहे.

कलम १. माझ्या मालकीच्या दोन खोल्या आणि गॅलरी माझ्या बहिणीच्या मुलाला, म्हणजे भाच्याला मिळाव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो हे त्याने पुढच्या माणसाला सांगावं. प्लंबरने तो तसा बसवला आणि वर माझ्याशीच वाद घातला. त्या प्लंबरला पुन्हा घरात घेऊ नये.

कलम २. बँकेत जे काही असेल ते भाच्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी. लग्नासाठी नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण मी भाच्याला ओळखते.

कलम ३. सोल्डरिंगचं सामान, टेस्टर आणि बारीक पकडी खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींना द्यायच्या होत्या. पण साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. “साक्ष हवी की पकड?” असं मी त्यांना विचारलं. ते विचार करून म्हणाले, “साक्ष. पकड मुलाला द्या.” तेव्हा सामान त्यांच्या मुलाला. माणूस दिसतो तितका भोळा नाही.

कलम ४. गॅलरीच्या दाराशी असलेला कॉम्प्युटर, त्याला जोडलेला मोडेम आणि घरचा टेलिफोन. हे कलम लांबणार आहे. भाच्याने पाणी पिऊन वाचावं.

इंटरनेट घरोघरी येण्याआधी आम्ही काही हौशी मंडळी आपापल्या घरी निरोपांचा फलक चालवायचो. लोक आपल्या कॉम्प्युटरवरून फोन लावून माझ्या यंत्रावर निरोप ठेवायचे. सकाळी आमची यंत्रं एकमेकांना फोन करून निरोपांची देवाणघेवाण करायची. दिवसभर लोकांचे फोन जोडायचे आणि घरी येऊन हौसेनेही तेच करायचं. बहीण म्हणायची, “ही मेली तरी सरणावरून कुणाचा तरी फोन जोडून देईल.”

प्रत्येक घराला आकड्यांचा पत्ता असे. माझा ३:१४/७. आधी विभाग, मग जाळं, मग घर. माझ्या फलकावरच्या एखाद्या माणसाला निरोप द्यायचा, तर पुढे टिंब देऊन त्याचा आकडा: ३:१४/७.४ म्हणजे आमची शिवणकाम करणारी बाई. टिंब नसेल तर निरोप घरमालकाचा, म्हणजे माझा.

३:१४/२ हे चष्मेवाल्यांचं घर. दुसऱ्या गावी त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. आमच्या जाळ्यातला सगळ्यात हुशार माणूस आणि सगळ्यात हट्टी. त्यांचा प्रोग्राम जुना होता, त्याला टिंब कळतच नसे. टिंब आणि पुढचा आकडा तो कापून टाकी. त्यामुळे त्यांच्याकडून येणारे सगळ्यांचे निरोप माझ्याच पेटीत पडत. शिवणकामवालीला तिच्या होणाऱ्या नवऱ्याने लिहिलेला निरोप असाच माझ्यापुढे उघडला. अर्धा वाचल्यावर मी डोळे मिटले, पण वाचलेलं काही परत न वाचलेलं होत नाही. ती बाई पुढे कितीतरी दिवस माझ्याकडे बघून पदर सारखा करायची.

मी जाळ्यात ठराव मांडला: टिंब पाळणारा प्रोग्राम सगळ्यांनी बसवावा. सगळे तयार झाले, एक चष्मेवाले सोडून. त्यांची समजूत घालायला मी त्यांना घरी बोलावलं. ते आले, याच गॅलरीत बसले.

“ऑपरेटरबाई, घराला एक पत्ता पुरतो. घरातल्या घरात आकडे कशाला?”

“घरात दोन माणसं असली तर?”

“तर काय? हाक मारता येते की.”

मी हसले. ते हसले नाहीत. माझा चष्मा मागून घेतला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि दांडीचा सैल स्क्रू आवळत खाली मान घालून म्हणाले, “तुम्ही हे यंत्र बंद करा. माझ्या घरी या. दोघांना मिळून एक पत्ता पुरेल.”

मला नीट कळलं ते काय विचारत होते. चष्मा नव्हता म्हणून त्यांचा चेहरा तेवढा दिसला नाही.

“आणि मला आलेला निरोप तुम्ही वाचणार?” मी म्हटलं.

“वाचून सांगेन ना.”

“नको. मला माझा आकडा हवा. टिंबानंतरचा का होईना.”

त्यांनी चष्मा पुसून परत दिला आणि छत्री घेऊन गेले. मी बरोबर होते. हे मी मृत्युपत्रातही लिहिते, म्हणजे मेल्यावरही कुणी काथ्याकूट करायला नको.

त्या दिवसानंतर त्यांच्याकडून माझ्या घरी एकही निरोप आला नाही. पण यंत्रांचे फोन थांबले नाहीत. आमच्या जाळ्याचा नियमच तो: यादीत नाव आहे तोवर सकाळचा फोन लावायचा आणि समोरच्याने तो उचलायचा, देण्याघेण्यासारखं काही असो वा नसो. पुढे एकेक घर यादीतून गळत गेलं. उरलो आम्ही दोघं. रोज चहा उकळायला लागला की त्यांचं यंत्र फोन करतं, माझं उचलतं, दोघं एकमेकांना निरोपांची रिकामी पिशवी देतात आणि फोन ठेवतात. माणसांनी अबोला धरला, यंत्रांनी नाही. माझ्या घरात दिवसभरात वाजणारा तेवढाच फोन. तो ऐकल्याशिवाय मी चहा गाळत नाही.

मागच्या रविवारी भाचा आला होता. “मावशी, तुझ्यामागे हे खोकं मी चालू ठेवीन,” तो म्हणाला, “पण समोर माणूस आहे का तरी? कुणी बंद केलं नाही तर यंत्र काय, फोन करतच राहणार.”

त्याचा हेतू वाईट नव्हता. मी मात्र त्याला पोळी वाढली आणि विषय बदलला. कारण हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी कधी विचारलं नव्हतं.

तो गेल्यावर मी ३:१४/२ ला लिहिलं, “चष्मेवाले, आहात का?” आणि सकाळच्या पिशवीत टाकलं. या कलमाचा शेवट उत्तर आल्यावर लिहीन.

कलम ४, पुढे. उत्तर आलं. मजकुराआधी मी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला, जुनी सवय. ३:१४/२.२.

टिंब होतं. म्हणजे त्यांनी प्रोग्राम बदलला होता. आणि टिंब होतं, म्हणजे लिहिणारे ते नव्हते. घरमालकाच्या पत्त्याला टिंब नसतं. दोन नंबर लिहीत होता, मग एक नंबर कोण? बायको केली असेल, मनात आलं. बरं झालं, असं म्हणायचं सोडून मी चष्मा पुसायला घेतला.

मजकूर जसाच्या तसा उतरवते:

“ताई, मी त्यांची धाकटी बहीण. दादा गेल्या हिवाळ्यात गेला. तुम्हाला कळवायला हवं होतं, पण लिहायचा धीर झाला नाही. ‘यंत्र बंद करू नकोस, बाईंना वाटेल मी अजून रुसलोय,’ असं सांगून गेलाय. टिंबाचा प्रोग्राम तुमच्या भांडणाच्या पुढच्याच वर्षी बसवला त्याने. घरात आम्ही दोघंच. म्हटलं, मला दोन का, एक नंबर दे की. तर म्हणाला, एक दिलेला आहे. कुणाला ते मी विचारलं नाही. तुम्हाला माहीत असेल.”

मी रडले. खाली घड्याळजींची ठोकाठोक चालली होती, त्यांना ऐकू गेलं नाही. मग राग आला. अहो शहाणे, आकडा दिलात, तर सांगायला जीभ का रेटली नाही? रोज फोन येत होता की! त्याच पिशवीत एक ओळ टाकली असती तर मी छत्रीसुद्धा न घेता निघाले असते.

तेव्हा या कलमाचा हुकूम असा: ३:१४/२ वरून सकाळचा फोन येतो आहे तोवर भाच्याने हे यंत्र बंद करू नये. तिकडे ती बाई आता एकटी आहे. पिशवी रिकामी पाठवू नये. काही सुचलं नाही तर ‘चहा झाला का’ एवढं लिहावं.

कलम ५. हेवेदावे. बरेच होते आणि त्यांची यादी करायचं ठरवलं होतं. प्लंबरचा तेवढा कायम ठेवते, बाकीचे रद्द.

हे सगळं मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे. त्यांनी माझ्यासमोर केली आहे.

साक्षीदार:
१. घड्याळजी, खालचा मजला (सही)
२. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही, बुद्धी ठिकाणावर असल्याची खात्री यांनीच केली)

लिहून देणार: ऑपरेटरबाई (सही)

दिनांक: ३ जुलै २०१७
ठिकाण: ३:१४/२.१