काकांच्या चिठ्ठीवरचं शून्य

मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय काका,

नमस्कार. काकूंच्या गुडघेदुखीला आता उतार पडला असेल. इकडे आई ठीक, बाबांचंही बरं चाललं आहे. तुमचं पत्र आणि पार्सल मागच्या आठवड्यातच मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण हे पत्र मी तीनदा लिहून तीनदा फाडलं. एक शब्द जरी जास्तीचा गेला तरी तुम्ही नेमका तोच धरून बसाल, हे मला ठाऊक आहे.

तळ्यावर क्रौंच उतरलेत. आज सकाळी माझे तेराशे सहा भरले, पलीकडच्या काठावरच्या शिक्षिकाबाईंचे तेराशे बावीस. पद्धत अजून तुमची आणि बाबांचीच आहे. दोघांनी दोन काठांवर बसायचं, आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि मग दोन्ही चिठ्ठ्या वहीत शेजारी शेजारी चिकटवायच्या. फार तफावत आली, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजायचं. मी शाळेत जायच्या आधी बेरीज शिकले ती याच तळ्यावर. बाबा म्हणायचे, "डोकी मोजू नकोस. दहांचा घोळका डोळ्यांत धर आणि तोच पुढे सरकवत ने."

तुम्ही लिहिलंत, "चिमणे, तुझी भाषा सुरेख. मनोऱ्याखालच्या फलकावर तळ्याचा इतिहास तूच लिही. दोघा भावांनी वर्षानुवर्षं पक्षी मोजले, हे येऊ दे. जुनी वही पाठवतो, काचेत ठेव." रविवारी दहा वाजता तुम्ही फलकावरचा पडदा बाजूला करणार, पक्षी बघायच्या नव्या मनोऱ्याला तुमचं नाव लागणार. बुजलेलं तळं उकरून परत आणलं ते तुमच्या समितीने, हे खरंच आहे. ते मी नाकारत नाही.

पण तळं गेलं कुणामुळे, हेही कुठेतरी यायला हवं ना?

फलक तयार आहे. त्यावर माझा एकही शब्द नाही. वहीतल्या अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या मोठ्या करून दोन रकान्यांत लावल्या आहेत, डावीकडे बाबांच्या, उजवीकडे तुमच्या. शेवटच्या ओळीत बाबांच्या अक्षरात दोनशे चौदा आहे आणि तुमच्या अक्षरात शून्य.

त्या वर्षी दुसरी सकाळ उजाडलीच नाही. तुम्ही तळ्याचा निकाल लावणाऱ्या सरकारी कार्यालयातले, म्हणून कार्यालयाने तुमचा आकडा धरला. पक्षी नाहीत म्हणजे तळं मेलेलं, आणि मेलेलं तळं बुजवायला कुणाची हरकत असणार? आठवड्यात पंप आले, मग राडारोड्याचे ट्रक, मग गोदामं. तुम्हाला बढती मिळाली. बाबांना नाव मिळालं. "काय दोनशे चौदा, आज किती दिसले?" असं न्हावी विचारायचा, वाणी विचारायचा. तुमच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांशी ओळख तुम्हीच करून दिलीत, "हे आमचे दोनशे चौदा!" सगळे हसले. बाबांनी हातातला पेला खाली ठेवला आणि तेही हसले. त्या हसण्यासाठी मी तुम्हाला कधी माफ केलं नाही. करणारही नाही.

चिठ्ठीचा फोटो आम्ही बाजूने उजेड टाकून काढला, कारण पेन्सिल फिकट झाली होती. तुमच्या शून्याखाली खोडलेलं दोनशे नऊ दिसतं. लांबूनही दिसतं. मी ते ठळक केलेलं नाही. छापणाऱ्याला तशी सक्त ताकीद दिली होती. समितीच्या बाईंनी फलक दोनदा पाहिला आणि सही केली. म्हणजे ही माझी चोरटी करामत नाही.

इथवर लिहिणं सोपं होतं. मघाचे तीन कागद याच्या पुढेच फाटले.

मी आठ वर्षांची होते. बाबांनी मला तुमच्याकडे बसवलं होतं, तुमच्या काठावर वारा कमी म्हणून. तुम्ही पुटपुटत मोजत होतात, मी तुमच्याबरोबर मनात मोजत होते. दोनशे नऊ. तुम्ही लिहिलंत, बराच वेळ बसून राहिलात आणि म्हणालात, "चिमणे, खोडरबर दे बघू." मी दिलं. "दादाला बोलायचं नाही हं, आपली गंमत." मला खरंच गंमत वाटली.

चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावर बाबांचा चेहरा बघून कळलं, ही गंमत नाही. त्यांनी तुम्हाला काहीच विचारलं नाही. मला विचारलं, "तू होतीस ना तिथे? तुला दिसले ना?" तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी म्हटलं, "मला झोप लागली होती."

सतरा वर्षं. तुम्ही ती वही बिनधास्त माझ्या हवाली केलीत, कारण तुमची खात्री होती, ही आपलीच. तुमची चूक नाही. सतरा वर्षं मी तुमचीच होते.

परवा सकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते चहा गाळत होते. गाळणी नीट झटकून म्हणाले, "ठाऊक आहे. थंडीत तुला कधी झोप लागायची नाही." मग कप माझ्यापुढे सरकवत, "त्याचे किती होते?"

"दोनशे नऊ."

"पाच कमी. बसलेले धरायचाच नाही तो. कितीदा सांगितलं!" आणि मनापासून हसले.

मी हसले नाही. ते तुम्हाला माफ करतील, काका. कधीच करून बसले असतील. त्यांच्या माफीवर तुम्ही हात शेकू नयेत म्हणून तर मी हे लिहिते आहे.

तुम्हाला काहीच न सांगता सगळ्यांसमोर पडदा ओढायला लावावा, असं मनात आलं होतं. खूप आलं होतं. पण आकडा जाहीर करण्याआधी ज्याचा त्याला दाखवायचा, असं मला शिकवलं आहे. म्हणून कळवते. पत्र शुक्रवारी तुमच्या हातात पडेल, अशा बेताने टाकणार आहे. शुक्रवार ते रविवार, दोन दिवस तुम्ही विचार करा, लोक काय म्हणतील, कोण हसेल, कोण काय नाव ठेवेल. बाबांना त्यासाठी सतरा वर्षं मिळाली. तुम्हाला मी दोन दिवसांत सोडते आहे.

आजारपण काढू नका. तुम्ही आला नाहीत तर पडदा बाबा ओढतील. मी विचारलं, ते हो म्हणाले. आलात तर त्यांच्या शेजारची खुर्ची तुमची आहे. दोन्हींपैकी काहीही झालं तरी, पडदा सरकला की मी पुढे होऊन लोकांना सांगणार, त्या दिवशी मला झोप लागली नव्हती. म्हणजे शेवटच्या ओळीत खोटं कुणाकुणाचं, हेही मोजलं जाईल.

काकूंना नमस्कार सांगा. हे पत्र त्यांना वाचून दाखवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

त्या दिवशी तुम्हाला वाचवणारी,
आणि आता न वाचवणारी,
तुमची पुतणी