नऊ दुपारी आणि एक सलग दुपार

ता. ४ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र बघून तुला वाटेल, हिच्या घरचा फोन बंद पडला की काय. फोन चालू आहे. पण फोनवर तू नुसतं ‘बरं’ म्हणून ठेवून देतेस, आणि ते ‘बरं’ चांगलं होतं की वाईट यावर आम्ही बापलेक दोन दिवस डोकं खाजवत बसतो. म्हणून लेखी.

माझी सीडी निघाली, आत्या! ‘माझी’ म्हणताना जीभ जरा अडखळते, कारण तिच्यातल्या नऊच्या नऊ रचना दुसऱ्यांच्या आहेत. मी त्या निवडल्या आणि मांडल्या. पहिल्या पाच प्रोग्रेसिव्ह ट्रान्स आहेत, म्हणजे हळूहळू एकेक थर चढत जाणाऱ्या, कसलीही घाई नसलेल्या. पुढच्या चार गोवा ट्रान्स. या मात्र वेगवान, वळणावळणाच्या, एकदा अंगात शिरल्या की पाय जागेवर राहत नाहीत. शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही, सगळं यंत्रावर. बाकी काय ते मी कव्हरवर लिहिलंय, तिथे वाच.

आता कामाचं. चष्मेवाले काका नवी शाखा काढताहेत. सहा वर्षं त्यांच्याकडे भिंगं घासतेय, तर आता ती शाखा पूर्णवेळ मीच सांभाळावी असं त्यांचं म्हणणं आहे. एक एप्रिलला उत्तर द्यायचंय. हो म्हटलं तर संध्याकाळी आणि रविवारही दुकानाचे, संगीत बंद. बाबा म्हणतात, तुझं तू ठरव. त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही, त्यांना विचारून तरी काय उपयोग?

तू सव्वीस वर्षं साप्ताहिकात ‘कानोसा’ हे सदर लिहितेस, आणि लिहिलेला एक शब्द कधी मागे घेतला नाहीस. म्हणून संपादकांकडे एक प्रत पाठवली आहे. तू लिही. दम आहे म्हणालीस तर मी शाखेला नाही म्हणेन. नाही म्हणालीस तर माझी यंत्रं चादरीत गुंडाळून ठेवेन. भाची म्हणून सूट नको.

कान उपट, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
भुंगा

---

ता. ९ मार्च

चि. भुंगा हिस,
अनेक आशीर्वाद.

पाच वर्षांची असताना टेबलाखाली बसून तू तासन्‌तास एकाच सुरात गुणगुणायचीस, म्हणून मी तुझं नाव भुंगा ठेवलं. त्या गुणगुणण्याची पुढे सीडी निघेल हे माहीत असतं तर त्याच वेळी टेबल हलवलं असतं.

नात्यातल्या माणसाचं परीक्षण मी करत नाही, हे संपादकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, कचेरीत हा प्रकार ऐकणारं दुसरं कुणी नाही, आणि तुमच्या कानाला नातं असतं हे आम्हाला आजच कळलं. मग घेतलं.

नियम मात्र सगळ्यांना तेच. परीक्षण छापून येईपर्यंत मी कव्हर बघत नाही. फोटो, नावं, आभार, सगळे कानाला लाच देतात. संपादकांनी सीडी साध्या पाकिटात घालून पाठवली आहे, कव्हर त्यांच्या खणात आहे. जन्मभर मुद्रितं तपासण्याची नोकरी केली, छापलेलं दिसलं की डोळे आधी धावतात आणि कान मागे पडतात. म्हणून ही खबरदारी.

रोज दुपारी चहानंतर बसते. नऊ दिवस लागतील, घाई करू नकोस. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं काल वर येऊन विचारलं, पिठाची गिरणी घेतलीत का? मी म्हटलं, हो, भाचीनं पाठवली.

भावाला सांग, गुडघ्याला तेल लाव. निकाल काहीही लागो, माझी माया त्याच्या हिशेबात धरू नये.

तुझी,
आत्या

---

ता. २२ मार्च

चि. भुंगा हिस,
आशीर्वाद.

कात्रण सोबत आहे. दुसऱ्या कुणाच्या हातून तुला वाचायला मिळण्यापेक्षा माझ्याकडून मिळावं, म्हणून अंक बाजारात येण्याआधी पाठवते आहे. लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं. पण सूट नको असं तूच म्हणाली होतीस, आणि मला ती देताही येत नाही.

‘…निवड उत्तम आहे. संकलन करणारीला कान आहे, यात शंका नाही. पण कान असणं आणि मैफल मांडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. इथल्या रचना दार न वाजवता घरात शिरतात आणि निरोप न घेता उठून जातात. चौथी वाक्य अर्धवट टाकून गप्प होते. पाचवी ऐन रंगात आली असताना कुणी गळा दाबावा तशी थांबते, आणि सहावी धापा टाकतच सुरू होते. ती कुठून धावत आली, ऐकणाऱ्याला कळत नाही. ज्याला आरंभ आणि शेवट सांभाळता येत नाहीत, त्यानं इतक्यात लोकांसमोर येऊ नये.’

रागव, भांड, पण पत्र लिही. तुझं पत्र आलं नाही तर मला जेवण गोड लागणार नाही.

तुझीच,
आत्या

---

ता. २५ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

रागावले नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कात्रणाचा बोळा केला, मग तो इस्त्रीच्या टेबलावर सरळ करून पुन्हा वाचला.

नऊ दिवस रोज ऐकलंस, म्हणजे नऊ वेळा. माझ्या मैत्रिणींनीही इतक्यांदा ऐकली नाही. नऊ वेळा ऐकून तुझा कान असं म्हणत असेल तर वाद काय घालायचा? पाचवीतून सहावीत जाण्याच्या जागेवर मी चार महिने घालवले होते. साऱ्या सीडीत तीच जागा मला माझी वाटत होती. तिथेच तुला गळा दाबल्यासारखं वाटलं, म्हणजे माझं मुळातच चुकलंय.

यंत्रं चादरीत गुंडाळली. एक तारखेला काकांना हो सांगते. भिंगं मला छान घासता येतात, ती धापा टाकत नाहीत.

तू जेव बरं. तुझ्यावर माझा राग नाही, आणि तुझा जीव माझ्यावर आहे हे मी विसरणार नाही.

तुझी,
भुंगा

---

ता. २६ मार्च

ती. ताईस,
सा. नमस्कार.

मी सहसा पत्र लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. पण पोरीनं दोन दिवसांपासून गुणगुणणं बंद केलंय आणि घर कसं खायला उठतं. म्हणून बसलो.

तुझं परीक्षण वाचलं. पोर नापास झाली, तर बापानं निदान पेपर तरी बघावा, म्हणून काल ती सीडी इस्पितळाच्या धुलाईखान्यात घेऊन गेलो. इस्त्रीच्या खोलीत आम्ही पाच जण. दुपारची पाळी सुरू झाली तशी लावली. तुझं कात्रण चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवलं होतं, म्हटलं एकेक चूक ताडून बघू.

ताई, मला चौथं कुठलं हेच सापडलं नाही. चौथं अर्धवट गप्प होतं असं तू लिहिलंस, इथे तर काही गप्पच झालं नाही. चौऱ्याहत्तर मिनिटं एका दमात चाललं. मग त्या पाचवीच्या गळ्याची वाट बघत सीडीच्या मशीनसमोर जाऊन उभा राहिलो. आकडा पाचाचा सहा झाला, मी डोळ्यांनी बघितला, पण गाणं काही थांबलं नाही. सहावं आधीपासूनच खालच्या अंगानं येऊन बसलं होतं, आणि पाचवं त्याला जागा करून देत देत कधी गेलं ते कळलंही नाही. मला सुरातलं कळत नाही हे मान्य, पण थांबलेलं आणि चाललेलं एवढं तरी कळतं ना?

एरवी तेवढ्या वेळात दीडशे चादरी होतात. काल एकशे नव्वद झाल्या. मुकादम येऊन विचारून गेला, आज काय खाल्लंत?

तेव्हा खरं सांग. तुझं मशीन बिघडलंय, की तू मध्येच उठतेस?

गुडघा बरा आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेन तर माफ कर, आणि धाकट्यावरची नजर होती तशीच राहू दे.

तुझा,
भाऊ

---

ता. २९ मार्च

चि. भुंगा हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. मीही उचलला नसता. तुझ्या बापाकडे निरोप दिला तर तो अर्धा सांगेल आणि अर्धा चादरींचा सांगेल, म्हणून पत्रच.

भुंगे, मी नऊ वेळा ऐकलं नाही. मी एकदाच ऐकलं, नऊ तुकड्यांत. माझी पद्धतच तशी. रोज एक रचना, ती संपली की मशीन बंद, वीस ओळींचं टिपण. एका घासाची चव दुसऱ्यावर चढू नये म्हणून सव्वीस वर्षं असंच करत आले, आणि त्याचा मला केवढा अभिमान! तू नऊ रचना एकमेकींत विणल्या होत्यास. मी रोज दुपारी कात्री घेऊन बसत होते, आणि मग धागे लोंबताहेत अशी तक्रार छापून मोकळी झाले.

तुझ्या बापाचं पत्र आलं तशी संपादकांकडे गेले आणि खणातून कव्हर काढून घेतलं. त्यावर पहिलीच ओळ आहे, सलग ऐकावे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि छापलेली ही एवढीशी ओळ वाचायची नाही असा नियम स्वतःच करून बसले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल बघायचा असेल तर ये.

काल दुपारी चहा घेऊन बसले आणि उठले नाही. चहा गार झाला. पाचवी भरात आली तेव्हा तिच्याखाली काहीतरी बारीक हलायला लागलं. मला वाटलं शिंप्याचं मशीन. नव्हतं. ती सहावी होती, आणि ती किती वेळ तिथे होती कोण जाणे! वेग वाढला तो कधी, हे मला दुसऱ्यांदा ऐकूनही सांगता येत नाही. चार महिने म्हणालीस ना? दिसतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पायानं ठेका धरला, आणि हे दोन्ही एकाच वेळी व्हायची मला सवय नाही.

लाड समजू नकोस. तिसरी रचना लांबली आहे, आणि आठवीत तू वेगाच्या प्रेमात पडून मधला श्वास विसरलीस. हे मी पुन्हा छापते आहे, आणि त्याच्या वर हे:

‘या सदरात गेल्या अंकात आलेलं परीक्षण मागे घेत आहे. दोष संकलनाचा नव्हता, ऐकणारीचा होता. रचना दार न वाजवता शिरतात असं मी लिहिलं. दारं मीच मध्ये बसवली होती. हे संकलन करणारी व्यक्ती माझी भाची आहे, तेव्हा वाचकांनी माझ्यावर विश्वास न ठेवता स्वतः ऐकावं. मात्र एका बैठकीत.’

संपादक म्हणाले, सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच, एवढी नाचक्की कशाला, मोघम दोन ओळी टाका. मी म्हटलं, चूक छापली तेव्हा मोघम छापली नव्हती.

चादर काढ. शाखेचं तूच ठरव, पण माझ्या पहिल्या परीक्षणावरून ठरवू नकोस. मला फार वाईट वाटतंय, पोरी. जमलं तर मायेत खंड पडू देऊ नकोस. एकदा मी पाडला तेवढा पुरे.

तुझी,
आत्या

---

ता. २ एप्रिल

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, आणि एक गालगुच्चा.

तुझं पत्र काल संध्याकाळी हातात पडलं. त्याआधी काय झालं ते ऐक.

काल दुपारी काकांना हो सांगायला निघाले. बाबा डबा घरी विसरले होते, म्हणून वाटेत धुलाईखान्यात गेले. जिन्यातच ओळखीचा आवाज आला. इस्त्रीच्या खोलीत माझी सीडी लागली होती. बाबा नंतर म्हणाले, आठवडाभर रोज लागते, आता त्याशिवाय कुणाचा हात चालत नाही. पाची जण पाठमोरे. पाच इस्त्र्या एकदम पुढे, एकदम मागे. मी दारातच थांबले, कारण पाचवी संपत आली होती.

त्या जागेवर कुणी मान वर केली नाही, आत्या. वेग वाढत गेला तसा इस्त्र्यांचाही वाढत गेला, आणि त्यांच्यापैकी एकालाही ते कळलं नाही. मला एवढंच तर करायचं होतं! डबा ठेवला, काकांकडे गेले आणि शाखा नको म्हणाले. भिंगं घासायला मात्र येत राहीन, दुपारपर्यंत. काका हसले. म्हणाले, गेला आठवडा तू काम करताना गुणगुणत नव्हतीस, आणि तीन भिंगं वाया घालवलीस. अशा माणसाला शाखा देऊन मी करणार तरी काय होतो?

म्हणजे तुझा निकाल पोचायच्या आधीच मी माझा लावून टाकला होता. पत्र तरीही चार वेळा वाचलं. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं तर ते बैलाच्या ओळीवर इतके हसले की गुडघा धरून खाली बसले. कात्रण त्यांनी इस्त्रीच्या खोलीत चिकटवलंय, नवीन आलं की शेजारी लावणार म्हणतात. आठवीतल्या श्वासाचं तू म्हणतेस ते खरं आहे. मला ते ठाऊक होतं, कुणी पकडणार नाही अशी आशा होती.

चादर काढली. दुसऱ्या संकलनाला लागले आहे. त्यात अकरा रचना असतील, पण सीडीवर आकडा फक्त एकच पडेल. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. म्हणजे तुला मशीन बंद करायला जागाच उरणार नाही. चहा आधीच पिऊन घे.

आणि तुझा लोभ असाच असू दे, सलग.

तुझी,
भुंगा