सहा फुटांखालची तलवार

सोमवार, ३ ऑक्टोबर २०११

ही वही घेऊन बारा दिवस झाले. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा मावशीनं वही पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली होती. मग फुटबॉल. मग पाय दुखत होते. आज बसलोच. मोठ्या शोधांची नोंद पहिल्यापासून असलेली बरी, पुढे लोक विचारतात.

तर नोंद. बारा दिवसांपूर्वी मामांनी त्यांची चेनसॉ, झाडं पाडायची यंत्रकरवत, माझ्या खांद्यावर दिली. सुरू होत नव्हती. म्हणाले, क्लेटस, होनिआराला जा, दुरुस्त करून आण, वाटेत कुठे थांबू नको. मी कुठेही थांबलो नाही. थेट राजधानीतल्या बाजारामागच्या झाडाखाली गेलो, सुपारी खायला. तिथे डिक्सन भेटला. पुढचा एक दात सोन्याचा. माणूस सज्जन. त्याच्याकडे मेटल डिटेक्टर होता. सहा फूट खाली जपानी तलवार असली तरी हा ओरडतो, म्हणाला. जुन्या मासिकातला तलवारीचा फोटोही दाखवला. अशी एक तलवार परदेशी माणसाला दिली की तीन चेनसॉ येतात म्हणे. आणि आमच्या वातुकोलो गावामागच्या टेकाडावर तर महायुद्धात जपानी आणि अमेरिकन महिनाभर एकमेकांवर तुटून पडले होते!

चेनसॉ दिली, डिटेक्टर घेतला. कोणी म्हणेल मी ती घालवली. खरं म्हणजे पेरली.

मामांना सांगितलं, पार्ट ब्रिस्बेनहून बोटीनं येतोय. मामा चर्चचे सेवक. चेनसॉवरसुद्धा त्यांनी पांढऱ्या रंगानं क्रॉस काढलाय. वादळात चर्चचं छप्पर उडालं. एक नोव्हेंबरला बिशप नव्या छपराला आशीर्वाद द्यायला येणार, आणि त्याआधी झाडं पाडून वासे काढायचेत. म्हणजे चार आठवडे. मला दोन पुरेत.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

संकल्प : पहाटे पाचला उठणे. उन्हाच्या आत काम आटपणे.

सकाळी ९.४०. उठलो.

दुपारी १. गवत डोक्याच्या वर. पात्यांनी दोन्ही हात कापले. ऊन असं की डिटेक्टरची दांडी हातात धरवेना. पण सिग्नल! दीड फूट खणलं. ट्यूना माशाचा रिकामा डबा.

संध्याकाळ. एकूण डबे अकरा. पायस वाटेत उभा होता. मामांचा मुलगा, माझ्याच वयाचा, स्वभावानं खवचट. म्हणाला, काय रे, जपानी लोक ट्यूना खाऊन पळून गेले वाटतं? मी म्हटलं, जिथे डबा तिथे माणूस, जिथे माणूस तिथे तलवार. हसत सुटला. हसू दे.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

आज गावाजवळ शोधलं, सावली आहे म्हणून. अशक्य. आमच्या डुकरांचं कुंपण भोकाभोकांच्या लोखंडी पत्र्यांचं आहे, लढाईतल्या विमानांच्या धावपट्टीचे पत्रे. त्याच्या वीस पावलांत गेलं की डिटेक्टर नुसता बोंबलतो. चर्चची घंटा म्हणजे तोफगोळ्याचं पितळी कवच, तिथेही तेच. मावशीच्या कोंबड्या लोखंडी हेल्मेटमध्ये पाणी पितात, तिथेही तेच. या गावात भंगार इतकं आहे की खऱ्या संशोधनाला जागाच नाही.

शनिवार, ८ ऑक्टोबर

मावशीचा कोयता गवतात हरवला होता. तुझं यंत्र आण, म्हणाली. चार मिनिटांत सापडला. माझी चूक झाली. दुपारपर्यंत दारात रांग. कोणाचा गळ, कोणाची चावी, कोणाचा चमचा. नाही म्हणायची सोय नाही, सगळे आपलेच. आपल्या माणसाच्या हातात वस्तू आहे आणि आपल्याला हवी आहे, तर ती आपली. लहानपणापासून हेच शिकलोय आणि माझ्या बाबतीत हे आजवर फार सोयीचं होतं.

एका म्हातारबाबांना तर डिटेक्टर पोटावरून फिरवून हवा होता. लहानपणी नाणं गिळलं होतं म्हणे. फिरवला. वाजला नाही. नाराज होऊन गेले.

रविवार, ९ ऑक्टोबर

प्रार्थनेनंतर दोन परदेशी पर्यटक चालत आले. शेवटी योग्य माणसं! अंगात शर्ट घातला, डिटेक्टर खांद्यावर घेऊन उभा राहिलो. त्यांनी घंटेचा फोटो काढला. डुकरांच्या कुंपणाचे बावीस फोटो काढले. हेल्मेटमधून पाणी पिणाऱ्या कोंबडीसाठी बाईंनी गुडघे टेकले. मला म्हणाल्या, जरा बाजूला होता का, मागे तुमची सावली येतेय.

हौशी लोक. यांना काय कळणार.

बुधवार, १२ ऑक्टोबर

मामांनी तिसऱ्यांदा पार्टचं विचारलं. म्हटलं, बोट वाटेत आहे. मामा म्हणाले, बोट ब्रिस्बेनहून येतेय की स्वर्गातून? मग तिथेच पायरीवर बसले. चर्चचे चारही खांब उघडे, वर नुसतं आकाश. म्हणाले, बारा वर्षांनी बिशप येतोय रे. त्याला काय, नारळाच्या झावळीखाली उभा करू? त्यांचा आवाज जरा वेगळा झाला. मला काही तरी करणं भाग होतं.

म्हणून युक्ती काढली. म्हटलं, मामा, रेडिओवर निरोप देऊ. रोज संध्याकाळी निरोप वाचतात, अख्खी बेटं ऐकतात. ज्याच्याकडे चेनसॉ आहे तो येईल. मामांना पटलं. माझं अक्षर चांगलं म्हणून मीच लिहिला : ‘वातुकोलोच्या चर्चसाठी चेनसॉवाला हवा. मोबदला रताळी, दोन कोंबड्या आणि बिशपबरोबर जेवण. क्लेटसला भेटावे.’ शेवटचं वाक्य माझ्या मनाचं. रेडिओवर आजवर नाव आलं नव्हतं.

होनिआराचा कुठला चेनसॉवाला रताळ्यासाठी एवढा रस्ता तुडवणार? कोणी येत नाही. पण मामांना दोन आठवडे आशा राहील आणि मला वेळ. अशा वेळी डोकं थंड ठेवावं लागतं.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

काल संध्याकाळी निरोप लागला. माझं नाव रेडिओवरच्या बाईंनी फार छान उच्चारलं. सगळं गाव मामांच्या रेडिओभोवती बसलं होतं. चालणारा रेडिओ तेवढा एकच.

आज डिटेक्टरच्या बॅटऱ्या संपल्या. मामांच्या रेडिओत त्याच मापाच्या चार आहेत. होत्या.

संध्याकाळी मामा रेडिओला थपडा मारत होते. दमट हवेनं होतं, म्हटलं, मी उन्हात ठेवून दुरुस्त करतो. मामा म्हणाले, देव तुझं भलं करो. मला बरं वाटलं.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

चार दिवस लिहिलं नाही. नदीपलीकडच्या गावी जागा पाहायला गेलो होतो. तिथे फुटबॉलची स्पर्धा निघाली. त्यांच्या गोलकीपरचा अंगठा मोडला होता, मग माणुसकी म्हणून थांबलो. सात गोल खाल्ले, पण मैदान खोदण्यासारखं आहे हे लक्षात आलं.

संकल्प : उद्यापासून खरं काम.

गुरुवार, २० ऑक्टोबर, सकाळी ११

सापडलं!!

मावशीच्या स्वयंपाकघरामागे, तिच्या दगडांच्या भट्टीखाली. बॅटऱ्या तपासायला म्हणून डिटेक्टर सहज फिरवला तर असा किंचाळला की कोंबड्या झाडावर गेल्या. एक हात लांबीभर सलग आवाज. तलवारींची पेटीच. कदाचित सेनापतीची.

मावशीला म्हटलं, भट्टी जरा हलवू या. ती रताळी सोलत होती. म्हणाली, गावाची सगळी लग्नं, सगळी मयतं या भट्टीवर जेवली. बिशपची सहा डुकरं इथेच भाजायची आहेत, कधी नव्हे एवढी मोठी आग लावायचीय. दगड हलवलास तर सातवा तुला घालीन.

दुपारी २. मावशी शेतावर गेली.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

नारळाच्या बागेत बसून लिहितोय. अख्खं गाव इथेच आहे, डुकरांसकट.

काल काय झालं ते क्रमानं. दगड काढले, राख काढली, दोन हात खणलं. लोखंड लागलं. पेटी उघडावी म्हणून पहार घेतली आणि दोनदा ठोकलं. आवाज भरीव आला. तिसऱ्यांदा पहार उचलली तेव्हा पायस मागे होता. त्यानं वाकून पाहिलं.  माझी पहार हातातून काढून घेतली, अलगद जमिनीवर ठेवली, आणि मग जो पळत सुटला तो नदीपर्यंत. त्याला इतकं धावताना मी मैदानावर पाहिलेलं नाही. तेव्हा कुठे मला खालचा भाग निमुळता दिसला.

बॉम्ब.

आज होनिआराहून बॉम्बवाले पोलीस आले. अगदी हळू बाहेर काढला, वाळूच्या पोत्यांत ठेवून नेला. त्यांच्या साहेबांनी मावशीला विचारलं, बाई, इथे किती वर्षं चूल पेटतेय? बावीस, म्हणाली. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, सहा डुकरांची आग लावली असती तर…  मावशी होती तिथेच खाली बसली. माझं मनगट धरलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. त्यामुळे बॉम्बच्या खाली आणखी काही होतं का, हे मला पाहताच आलं नाही.

रविवार, २३ ऑक्टोबर

उघड्या चर्चमध्ये मामांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. म्हणाले, या पोराला मी आळशी म्हणत होतो. शाळा सोडली, मासळीच्या डब्यांचा कारखाना सोडला, लाकूडतोडीचा कॅम्प सोडला. पण देवानं याच्या हातात यंत्र दिलं ते उगाच नाही. लोक रडले. पायससुद्धा नाक पुसत होता. मी मान खाली घातली. नम्रता दिसते म्हणून, आणि तोफगोळ्याच्या त्या घंटेकडे आता बघवेना म्हणूनही.

देवानं नाही, डिक्सननं दिलं. पण चर्चमध्ये तपशिलात शिरू नये.

बुधवार, २६ ऑक्टोबर

तक्रार. तीन दिवस झाले, बायका मला सोडत नाहीत. चौदा घरांच्या चौदा भट्ट्या तपासल्या. आमची आधी, नाही आमची आधी. प्रत्येक घरी उकडलेलं रताळं. पोट फुगलंय. सापडलं काय? चमचे पाच, खिळे, एक सायकलची घंटा. बॉम्ब एकही नाही. बायका खूश. तलवारीचं काम मात्र तसंच पडलंय.

ठोकाठोकीनं डिटेक्टरची दांडी मोडली. कोळ्याच्या दोरीनं बांधली. आता तो एकाच सुरात कण्हतो, लोखंड असो की नसो.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

गावातले पुरुष कुऱ्हाडींनी झाडं पाडतायत. सहा दिवसांत दीड झाड. मामांच्या तळहाताला फोड आलेत, तरी चेनसॉबद्दल एक शब्द नाही. उलट संध्याकाळी स्वतःच्या वाटणीचा मासा माझ्या पानात घातला. म्हणाले, बोटीचं काय, ती तुझ्या हातात थोडीच आहे.

मासा गिळताना काटा लागला. बहुतेक काटाच.

संकल्प : मामांना सगळं सांगणे. उद्या सकाळी, पहिलं काम.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

सकाळी मामा दाढी करत होते. वस्तरा हातात असताना अशा गोष्टी सांगू नयेत. नंतर ते जंगलात गेले. मी थोडा पडलो. मग संध्याकाळ.

विचार केला : बिशप येऊन जाऊ दे. आनंदात सांगितलेलं लोक चांगलं घेतात. तोवर तलवारही मिळू शकते. रेडिओच्या बॅटऱ्या मात्र आज परत घातल्या. माणसानं प्रामाणिक असावं.

शनिवार, २९ ऑक्टोबर, दुपारी ४

मामांनी ‘दुरुस्त’ झालेला रेडिओ काल संध्याकाळी लावला आणि सकाळी मला मिठी मारली. म्हणाले, उत्तर गेला आठवडाभर रोज वाचत होते म्हणे, आपल्यालाच कळलं नाही. चेनसॉवाला येतोय, आजच्या ट्रकनं. रताळीसुद्धा नकोत म्हणाला. क्लेटस माझा मित्र आहे, त्याचं गाव ते माझं गाव.

मी विचारलं, नाव काय सांगितलं? नाव ऐकायच्या आत कोंबडा ओरडला, म्हणाले.

होनिआरात मला बरेच मित्र आहेत. कोणीही असेल. मी हे मागच्या परसात, हेल्मेटशेजारी बसून लिहितोय, इथे शांत असतं.

४.२०. ट्रकचा भोंगा.

४.३०. पायस धावत आला. दम लागलेला, हसू आवरत नाही. म्हणाला, ऊठ, तुझा पाहुणा आलाय. झकास माणूस आहे. तुझी तब्येत विचारतोय, तलवार मिळाली का विचारतोय. त्याची चेनसॉ पण अगदी बाबांच्या चेनसॉसारखी आहे. बिघडलेलीच मिळाली होती म्हणे, नुसता प्लग पुसला तर सुरू झाली. तिच्यावर पांढरा क्रॉस आहे, तो बाबा केव्हाचे बोटानं चाचपून बघतायत.  आणि ऐक, त्या माणसाचा दात सोन्याचा आहे!