तो फोन तू केला होतास

ब्रुकलिन, १२ मे २०२६

फेगाताई,

दोन महिने तुझे फोन घेतले नाहीत, माफ कर.

माझ्या मुलाच्या, झल्मनच्या पेशी जनुकाची नक्कल जोडताना कामाचा एक तुकडा गाळतात. म्हणून तो रडला तरी डोळ्यांत पाणी येत नाही आणि घास श्वासनलिकेत जातो. प्रयोगातलं नवं औषध तो तुकडा गळू देत नाही म्हणे. त्यासाठी आमच्या लग्नाआधीच्या, नावाऐवजी नंबरावर चालणाऱ्या रक्ततपासणीची नोंद मागवली. तिथली बाई म्हणाली, "दोघांचे नंबर ऐकून आम्ही तेव्हाच सांगितलं होतं, दोघांतही हाच दोष आहे, हे स्थळ नको. फोन तुमच्या बहिणीचा होता."

मला मात्र तू तेव्हा म्हणालीस, "जुळतंय गं सगळं. पंचविशी उलटली, आता नखरे पुरे."

माझा नंबर माझ्याही पर्समध्ये होता. तुझ्यावर विसंबून मी फोन केला नाही, हेही खरं. आणि तू खरं बोलली असतीस तर झल्मन जन्मलाच नसता. तुझा राग करताना तिथे येऊन मी थांबते. पण निवड माझी होती, ती तू केलीस.

आता माझ्या लेकीसाठी, रिव्कासाठी स्थळ आणलंस आणि फोनवर निरोप ठेवून पुन्हा म्हणतेस, "तपासणीचा फोन मी करते, तू नको काळजी करूस."

तुझी धाकटी,
हिंडा

उद्या: रिव्काचा आणि त्या मुलाचा नंबर घेऊन तपासणीचा तो फोन मी करायचा.