न सांगितलेलं नाव

कुरखेडा, ७ डिसेंबर

प्रिय राजदीप,
आशीर्वाद. चंद्रपूरला थंडी पडली असेल. इकडे चुरणी आटोपून धान घरात आलं. आई बरी आहे, दोन घास जेवते.

तू सांगितलेलं काम झालं. निकेशने आणि तू मुलांसाठी मराठीत जी प्रोग्रामिंगची भाषा केली, तिच्यात व्हेरिएबलचं नाव आधी जाहीर करायला तीन शब्द होते. कुठे कोणता वापरायचा, यात माझ्या शाळेतली मुलं अडकायची. आता एकच शब्द ठेवला, 'समजा'. निकेशला तो पटत नव्हता. "समजा म्हनून काई घर चालते काय भाऊ?" म्हणायचा. त्याने लिहिलेला भाग काढताना हात अडला, पण काढला.

आणखी एक सोपं केलं. आधी, जाहीर न केलेलं नाव वापरलं तर भाषा गुपचूप ते रिकामं तयार करायची. आता थांबते आणि सांगते, 'हे नाव कोणी सांगितलेलं नाही.'

गुरुवारी दुपारी शाळेच्या संगणकावर तेच तपासत होतो. न सांगितलेली नावं टाकली. धान, बैल, पाऊस. प्रत्येक वेळी तेच वाक्य आलं. मग 'निकेश' टाकलं.

पडद्यावर आलं, 'ओ'.

सगळ्या फाइली शोधल्या. 'ओ' कुठेच लिहिलेला नाही. संगणक बंद करून परत लावला. पुन्हा टाकलं. पुन्हा 'ओ'.

भामरागडच्या वाटेवर नाल्यात त्याची मोटारसायकल सापडली, तो नाही, हे तू जाणतोस. तेव्हापासून आई रोज परसात उभी राहून त्याला हाक मारायची आणि तो ओ देतो म्हणायची. मुखरूमामा क्रिया उरका म्हणाले, तर त्यांच्यावरच उखडली, "ओ देनाऱ्याले कोनी पानी देते काय? काऊन घाई करून राह्यले?" मागच्या आठवड्यात मात्र आपणहून म्हणाली, "हेमराज, आजकाल ओ येतच नाई रे. कर आता."

अमावस्येला क्रिया ठरली आहे. गुरुवारचं मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पुन्हा परसात जाऊन उभी राहील.

निकेशने गमतीने तो 'ओ' कुठे दडवला असेल, तर तुला माहीत असेल. तसं असेल तर अमावस्येच्या आत कळव, मी क्रिया करतो. तुलाही माहीत नसेल तर काही लिहू नकोस. मी समजेन आणि त्याला पाणी देणार नाही.

संगणक तेव्हापासून बंद केलेला नाही.

निकेशचा भाऊ,
हेमराज