मुजीब प्यायला नव्हता

रविदादा,

कुपवाडच्या कारखान्यात तूच मला कामाला लावलंस, हे मी विसरले न्हाई. पण मशीनमधी मुजीबची बोटं गेली, तवा मी शेजारीच हुते. मशीन बिघडलंय, हे त्यानं तुला, सुपरवायझरला, सकाळीच सांगितलं हुतं. तरी तू मला म्हणालास, "तो पिऊन आलता, एवढंच सायबाला सांग. देव रविवारी चर्चमधी. हितं पोटाचं बघ."

दादा, माझा येशू सोमवारीबी माझ्यासंगं कामावर येतो. मी खरं तेच सांगितलं. नोकरी गेली. घरी येऊन लय रडले, मग प्रार्थना केली. पुढचं ठाऊक न्हाई. त्यो नेईल तिकडं जाईन.

हे पत्र टाकत न्हाई. उद्या येऊन तुझ्या तोंडावरच सांगते.

तरीबी तुझीच बहीण,
सोनम